चार मोठे की पाच

मिस्त्रीला गाडीवाले दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे, गिअरबॉक्सच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. दुसरं म्हणजे त्याचं तोंड. दुरुस्त झालेली गाडी न्यायला आलेला मालक परत जाताना किल्ली घेऊन जायचाच, पण वर दोन शब्द ऐकूनही जायचा. "गाडी कधी खोटं बोलत नाही, चालवणारा बोलतो," हे मिस्त्रीचं ठरलेलं वाक्य. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणारे, गिअरच्या दांड्यावर हात टेकून बसणारे, उतारावर गाडी न्यूट्रल करणारे, या सगळ्यांना तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा आणि तोंडावर सांगायचा. माणसं हसून ऐकून घेत, कारण काम चोख असायचं. आणि खरं सांगायचं तर हसून ऐकून घेणारी माणसं मिळाली की अशा माणसाला आपण नेहमीच बरोबर असतो असं वाटायला वेळ लागत नाही.

त्याचं गॅरेज म्हणजे एक लांबट शेड. आत शिरलं की डावीकडे खड्डा, उजवीकडे लोखंडी टेबल, आणि भिंतीवर ओळीनं पाने टांगलेले. प्रत्येक पान्याच्या मागे भिंतीवर त्याच पान्याची आकृती रंगवलेली होती, त्यामुळे एखादा पाना जागेवर नसला की भिंतच चहाडी करायची. जोडीला लांब्या. दोघं एकाच बस डेपोत रॉकेलच्या ट्रेमध्ये गिअर धुता धुता मोठे झाले होते. लांब्या फार बोलत नसे. त्याच्या वाटणीचं मिस्त्रीच बोलून टाकायचा.

या मिस्त्रीला एक वहिनी होती, थोरल्या भावाची बायको. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्याकडे एक जुनी, फिकट निळी गाडी होती, गोल दिव्यांची आणि दार लावलं की कपाटासारखा भरीव आवाज करणारी. गाडी वहिनीनं घेतली आणि आयुष्यभर वहिनीनंच चालवली. दादाला गाडी कधी आली नाही. चष्मा जाड आणि लक्ष भलतीकडे. तो शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसायचा आणि रस्ता मोकळा असला तरी "समोर बघ, समोर बघ" म्हणायचा. दादा गेला, मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि वहिनीपाशी घर आणि गाडी उरली. त्यातलं घर तिला खायला उठायचं. गाडीत मात्र ती रमायची. शेजारच्या बाईंना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायची, मैत्रिणींना स्टेशनवर सोडायची, आणि काहीच काम नसलं तर नुसतीच एक चक्कर मारून यायची.

इतकी वर्षं तिची गाडी एक म्हातारे वस्ताद बघत होते. घरात मिस्त्री असताना ती बाहेर का जाते, याचा मिस्त्रीला थोडा राग होता. कारण साधं होतं. घरच्या माणसाला काम दिलं की नंतर बोलता येत नाही, हे वहिनीला ठाऊक होतं. पण वस्तादांची नजर गेली, त्यांनी दुकान बंद केलं, आणि एक दिवस निळी गाडी मिस्त्रीच्या शेडसमोर उभी राहिली.

"भाऊजी, गिअरबॉक्सचं तेल बदलायचं झालंय," वहिनी म्हणाली. "वस्ताद चार नंबरचं घालायचे. पाच नंबरचं घालू देऊ नका म्हणून मला बजावून सांगितलंय त्यांनी."

गिअरच्या तेलाच्या डब्यावर प्रत सांगणारा आकडा असतो. गॅरेजात त्याला सरळ चार नंबर, पाच नंबर म्हणतात. पाच नंबर जास्त ताकदीचं. जिथे दातावर दात फार जोरानं घासतो तिथे ते कामाला येतं. मिस्त्री बहुतेक गाड्यांत तेच घालायचा आणि त्याच्या कपाटात तेच होतं. शिवाय वहिनीची गाडी म्हणजे घरची गाडी. तिला हलकं तेल घालायचं म्हणजे आपल्याच माणसाला कमी प्रतीचं वाढल्यासारखं. म्हाताऱ्या वस्तादांचा सल्ला आपल्याच शेडमध्ये ऐकावा लागतोय, हेही त्याला जरा टोचलं होतं.

त्यानं डबा उघडला, बोटावर थेंब घेतला, नाकाशी नेला. ही त्याची नेहमीची ऐट. मग गिऱ्हाईक ऐकतील एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, जन्मभर गणित शिकवलंत. आता तुम्हीच सांगा, चार मोठे की पाच?"

शेडमधले सगळे हसले. वहिनीही हसली. "पाच मोठे," ती म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली. लांब्या तेवढा म्हणाला, "जुनी गाडी आहे रे. आत पितळ असेल." मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वर्ष गेलं असेल. वहिनीचा फोन आला की दुसरा गिअर टाकताना आवाज येतो. मिस्त्री गेला, शेजारी बसला, दोन गल्ल्या फिरून आला. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना घर्रर्र झालं. आणि इथे मिस्त्रीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या आवाजासरशी त्याच्या मनात पाल चुकचुकली. तेल तर नसेल? एवढंच, एका क्षणापुरतं. तेव्हाच्या तेव्हा त्यानं तेल काढून टाकलं असतं तर कदाचित एवढ्यावर निभावलंही असतं. पण तेल काढायचं म्हणजे का काढतोय ते सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे त्या दिवशीचं हसणं परत घ्यायचं. त्यानं वहिनीच्या पायाकडे बघितलं.

"क्लच पूर्ण दाबत नाही तुम्ही," तो म्हणाला.

"दाबते की. इतकी वर्षं असाच दाबते."

"वय होतं वहिनी. पायात जोर राहत नाही, आपल्याला कळत नाही. गाडी खोटं बोलत नाही."

"अहो, पण गिअरबॉक्समध्येच काही..."

"नाचता येईना अंगण वाकडं," मिस्त्री म्हणाला आणि स्वतःच हसला.

त्यानंतर वहिनी घट्ट बुटांत गाडी चालवायला लागली. सीट पुढे ओढून घेतली. पाठीमागे उशी लावली. आवाज काही कमी होईना. मिस्त्रीनं सांगितलं, क्लच दोनदा दाबा, मध्ये थांबा, मग टाका. ती तसं करायला लागली. मागचे हॉर्न वाजवायचे. तरी कधीतरी घर्रर्र व्हायचंच, आणि मग ती डॅशबोर्डवर हात ठेवून पुटपुटायची, "माफ कर गं बाई." गाडीला म्हणायची. शेजारच्या बाईंनी हे मिस्त्रीच्या बायकोला कौतुकानं सांगितलं, बायकोनं मिस्त्रीला सांगितलं, आणि मिस्त्रीनं ते गावभर केलं.

खरी हद्द झाली ती पुतणीच्या नव्या घरी. सगळे जमले होते, जेवणं झाली होती, आणि मिस्त्री रंगात आला होता. खुर्चीवर ताठ बसून, हातात काल्पनिक स्टिअरिंग धरून त्यानं वहिनीची नक्कल केली. मान पुढे, ओठ घट्ट, हात दांड्यावर. घर्रर्र! मग डॅशबोर्डला थोपटून, "माफ कर गं बाई!" पोरं लोळून हसली. त्या दिवसापासून नातवंडं वहिनीला "घर्रर्र आजी" म्हणायला लागली. वहिनी सगळ्यांबरोबर हसली, भांडी आवरायला उठली, आणि परतीच्या वाटेला तिनं जावयाला म्हटलं, "आज तुम्ही चालवा."

त्यानंतर ती कमी कमी चालवत गेली. आधी रहदारीचे रस्ते सोडले, मग चढाचे, मग शेजारच्या बाईंना म्हणाली, तुम्ही रिक्षा करा, माझ्यावर भरवसा ठेवू नका. शेवटी गाडी तिनं मिस्त्रीच्या शेडमागे आणून लावली. "कोणा हौशी माणसाला द्या भाऊजी," ती म्हणाली. "माझ्या हातून आणखी वाट नको लागायला." मिस्त्रीनं जुन्या गाड्यांचा एक शौकीन गाठला. रविवारी वहिनीच्या घरी येऊन गाडी न्यायचं ठरलं.

घरची गाडी परक्याकडे जाणार, तर धड होऊन जावी, म्हणून मिस्त्री आणि लांब्यानं गिअरबॉक्स खाली उतरवला. तेल ट्रेमध्ये सोडलं. काळं तेल वाहून खाली बसलं, आणि उजेडात ट्रे जरासा कलता झाल्यावर त्यात सोनेरी चुरा चमकला. मिस्त्रीचा हात तिथेच थांबला. लांब्यानं गिअरबॉक्सचं खोकं उघडलं, गिअर सरकवले आणि एक कडी काढून टेबलावर ठेवली.

जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या शेजारी पितळी कड्या असतात. दोन वेगवेगळ्या वेगानं फिरणारी चाकं एकमेकांत गुंतण्याआधी ही कडी त्यातल्या एकाला धरते, आवरते, दोघांचा वेग सारखा करते, आणि मग दात आवाज न करता बसतात. पाच नंबरच्या तेलातली जी ताकद लोखंडाला जपते, ती पितळाला मात्र खाते. हळूहळू, वर्ष-दीड वर्षात, बाहेर काही दिसत नाही. वर ते तेल इतकं बुळबुळीत की कडीला धरायला पकडच मिळत नाही. समोरची कडी काळी पडली होती, खोक्यातल्या बाकीच्याही तशाच. तिचे दात झिजून बोथट झाले होते, आतल्या रेघा पार गुळगुळीत. क्लच अर्धा दाबल्यानं कडी झिजते, पण अशी काळी पडत नाही, अशी सगळ्याच गिअरांची एकसारखी जात नाही. डेपोतल्या पहिल्या महिन्यात शिकलेली ही गोष्ट होती.

लांब्यानं कडी अंगठ्यानं पुसली आणि म्हणाला, "वहिनींचा पाय चांगला होता की रे."

एवढंच म्हणाला. मिस्त्रीला वाटलं, यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याचे कान तापले. तो मागे वळला तर भिंतीवर पाने, आणि पान्यांमागे त्यांच्या आकृत्या. कुठे बघावं ते कळेना. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते त्यानंच वाकडं केलं होतं.

पण माणूस असा सरळ कबुलीवर येत नाही. मिस्त्रीनं आधी काम केलं. दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या गाडीच्या खोक्यातून चांगल्या कड्या मिळवल्या, आतला भाग तीन वेळा धुतला, आणि दुकानात जाऊन चार नंबरचं तेल मागितलं. "तुम्ही आणि चार नंबर?" दुकानदारानं थट्टा केली. मिस्त्री डबा काखेत धरून मान खाली घालून बाहेर पडला. गाडी जोडली, चालवून बघितली. गिअर असे बसत होते की हाताला कळू नये. तो मनाशी म्हणाला, झालं. नीट झाली. आता सांगून तरी काय मिळणार? वहिनीला गाडी नकोच आहे. उगाच झालेलं उकरून काढायचं. आपलं ठेवावं झाकून, हे शिकवायला माणसाला शाळा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो बेअरिंग आणायला बाजाराकडे निघाला होता. चौकात सिग्नल लागला होता आणि समोर एक ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती. डोक्यावर पिवळी पाटी, मागे लाल अक्षर. गाडी सुटायची वेळ झाली आणि बंद पडली. मागच्यांनी हॉर्न लावले. आत शिकवणारा, मिशीही धड न फुटलेला, डॅशबोर्डवर हात आपटत होता. "आजी, क्लच! क्लच सोडताय कुठे? किती वेळा सांगायचं?" आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट धरून, मान पुढे काढून, ओठ दाबून वहिनी बसली होती.

हीच बाई भर पावसात घाट उतरून दादाला दवाखान्यात घेऊन गेली होती. मिस्त्री तेव्हा मागच्या सीटवर होता आणि डोळे मिटून बसला होता.

वहिनीची नजर इकडे वळेल असं वाटलं, तसा तो एका उभ्या टेम्पोच्या आड झाला. त्याची पाठ टेम्पोच्या गरम पत्र्याला लागली. चटका बसला तरी तो हलला नाही. आयुष्यात तो कोणापासून लपला नव्हता, आणि आज आपल्याच वहिनीपासून चोरासारखा लपला होता. गाडी सुटल्याचा आवाज आला. मग तो तसाच, बेअरिंग न आणता घरी गेला.

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? महिना झाला. म्हणाल्या, भाऊजी म्हणतात माझं सगळंच चुकतं, तर एकदा पहिल्यापासून शिकून बघते. कोणाला सांगू नका म्हणाल्या, पोरं हसतील."

मिस्त्रीला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, नाही, बरं नाही. हे तेवढं खरं होतं.

रविवारी गाडी वहिनीच्या दारात उभी होती, धुतलेली, पुसलेली. शौकीन आला होता. पुतणी, जावई, पोरं, मिस्त्रीची बायको, सगळे फाटकापाशी जमले होते. मिस्त्री ठरवून आला होता की वहिनीला बाजूला घेऊन सांगायचं. सकाळपासून तिला बाजूला घ्यायची संधी त्यानं चार वेळा सोडली होती.

शौकीनानं बॉनेट उघडलं, मिटलं, चाकं बघितली. "गिअरबॉक्स कसा आहे?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी वहिनी बोलली. "त्याचं खरं सांगते, म्हणजे मागाहून तुम्हाला वाटायला नको. तो मी खराब केला होता. मला क्लच नीट दाबता येत नव्हता. भाऊजींनी सांभाळून घेतलं, आता दुरुस्त करून दिलाय."

"घर्रर्र आजी!" धाकट्या नातवानं मागून आवाज काढला, आणि पुतणी हसली, आणि वहिनीही हसली, तेच हसू, त्या दिवशी शेडमध्ये बाकावर जाऊन बसतानाचं.

"गप रे!" मिस्त्री एवढ्यानं ओरडला की पोरगं आईच्या मागे गेलं. मग त्याचाच आवाज बसला. "वहिनींनी काही खराब केलं नाही. मी केलं."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आता थांबता येणार नव्हतं. "मी पाच नंबरचं तेल घातलं. या गाडीला ते चालत नाही. आत पितळ असतं, ते खाल्लं त्यानं. वहिनी मला म्हणाल्या होत्या, वस्ताद चार नंबर घालतात. लांब्या म्हणाला होता. मी ऐकलं नाही. चार मोठे की पाच, म्हणून वर चारचौघांत हसलो. यांचा पाय चांगला होता. आहे."

शौकीनानं हळूच दुसरीकडे बघितलं. मिस्त्रीला कळलं की ही गोष्ट आता जुन्या गाड्यावाल्यांत फिरणार. फिरू दे, असं वाटण्याइतका तो मोठा नव्हता. त्याचीही लाज वाटलीच. पण समोर जी उभी होती तिच्यापुढे ती लाज लहान होती.

वहिनीचा चेहरा हलला नाही. "कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"खोकं उघडल्यावर," मिस्त्री म्हणाला. ते खरं होतं आणि पुरतं खरं नव्हतं. वहिनी बघत राहिली, उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघतात तशी, तो स्वतः खोडेपर्यंत. "पहिल्यांदा आवाज आला," तो म्हणाला, "तुमच्या शेजारी बसलो होतो, तेव्हाच एकदा मनात आलं होतं. तेल असेल म्हणून. पण मी... मी तुमच्या पायाकडे बघितलं."

पुतणी काहीतरी बोलणार होती. वहिनीनं हातानं तिला थांबवलं. ती "असू दे" म्हणाली नाही. "जाऊ द्या भाऊजी" म्हणाली नाही. मिस्त्री त्या दोनपैकी एका वाक्याची वाट बघत होता, आणि आपण वाट बघतोय याचीही त्याला शरम वाटली.

"किल्ली द्या," ती म्हणाली. मग शौकीनाला म्हणाली, "जरा थांबाल का? द्यायची की नाही ते परत आल्यावर सांगते." आणि मिस्त्रीला म्हणाली, "बसा."

तो दादाच्या सीटवर बसला. वहिनीनं पाठीमागची उशी काढून मागच्या सीटवर टाकली. सीट मागे सरकवली, जुन्या जागेवर. घट्ट बूट काढून चपला घातल्या. पहिला गिअर, गाडी हलली, फाटकातून बाहेर पडली. आता दुसरा. तिनं क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. खांदे वर आले, डोळे बारीक झाले, आणि हात दांड्यावर थबकला. मग तिनं गिअर टाकला.

काहीच आवाज झाला नाही. गिअर मुकाट्यानं जागेवर बसला आणि गाडी पुढे निघाली.

वहिनीनं डॅशबोर्डवर हात ठेवला. "माफ कर गं बाई," ती पुटपुटली.

सवयीनं. आपण बोललो हे तिला कळलंही नाही. ती समोर बघत होती. तिसऱ्या गिअरलाही खांदे तसेच वर आले, आणि तिसऱ्या गिअरलाही ती तेच म्हणाली. कड्या बदलता आल्या होत्या, तेल बदलता आलं होतं. मिस्त्रीनं हात पुढे करून तिचा डॅशबोर्डवरचा हात बाजूला केला आणि तिथे आपला ठेवला.

"ते मला म्हणू द्या वहिनी," तो म्हणाला.

वळण आलं, तिनं गिअर खाली आणला, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. खांदे पुन्हा वर आले.